काडी लावलेला बूट

मी एक जुना डावा बूट आहे, मित्रांनो. माझ्या तळव्याजवळचे कातडे जळलेले आहे, आणि त्या डागाचा मला अभिमान आहे.

माझे मालक ऑर्विल टिन्सली कॅलिफोर्नियातल्या एका स्टुडिओत कार्टूनची चित्रे काढत. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी चोवीस चित्रे! त्यांचा हातखंडा विनोद एकच. डुलक्या घेणाऱ्या बुलडॉगच्या बुटात मांजर आगपेटीची काडी खोचते, पेटवते, आणि तळपायाची आग खरोखरच मस्तकात जाते. बुलडॉग छप्पर फोडून वर! अकरा कार्टूनांत लोक पोट धरून हसले. बाराव्यात कुणी खोकलेसुद्धा नाही.

"पुढच्या वेळी थिएटर हसलं नाही," स्टुडिओचे साहेब म्हणाले, "तर काडी बंद. आणि ऑर्विल, तूही."

आमच्या खोलीत एकमेकांच्या बुटांना काडी लावायची रीतच होती. समोरचा उडी कशी मारतो ते बघायचे आणि लगेच कागदावर उतरवायचे. त्या बुधवारी शेजारच्या टेबलावरच्या गस पाव्लिकने पहिल्यांदाच मला काडी लावली. मी धुमसू लागलो. ऑर्विल आपले चित्र काढतच राहिले. वाट पाहून पाहून गसच लालबुंद झाला.

"अरे बाबा, पाय जळतोय तुझा!"

"कुठला?"

"डावा!"

"मग जळू दे. लाकडाचा आहे."

युद्धात गेलेला पाय ऑर्विलनी सहा वर्षे लपवला होता. ज्याला उडी मारता येत नाही, त्याला उडीचे चित्र काढायला कोण देणार? गसने रंगाचे पाणी ओतून मला विझवले. त्याचे तोंड पाहून ऑर्विलच आधी हसले. "हलू नकोस, गाढवा! हाच चेहरा हवाय मला."

नव्या कार्टूनात बुलडॉग निवांत पेपर वाचत बसला, आणि वाट पाहून पाहून मांजराचाच भडका उडाला. थिएटर हसून लोळले. ऑर्विलची खुर्ची वाचली.

गसला माफी मागणे काही जमले नाही. पण दर सोमवारी तो सगळ्यांदेखत खाली बसे आणि मला पॉलिश करी.

"ऊठ रे, लोक बघतायत."

"बघू देत. तू पाय हलवू नकोस."

पुढे काडीचा विनोद जुना झाला. ऑर्विल गेले. मी बरीच वर्षे खोक्यात धूळ खात पडलो, मग गसने मला घरी नेले. आता त्याचे हात थरथरतात, पॉलिश माझ्यापेक्षा त्याच्या बाहीलाच जास्त लागते.

मित्रांनो, थट्टा जरूर करा. पण जिच्यामुळे कुणाला चटका बसेल अशी थट्टा केलीत, तर त्याच्या पायाशी बसायची लाज बाळगू नका.