निळी चिंधी

आमच्या आईला ऐकू येत नाही. लहानपणी तापात कान गेले ते गेलेच. त्याची भरपाई म्हणूनच बहुतेक मला हा आवाज मिळाला. बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसते मी. माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटावरचा माणूस दचकतो. घरात मात्र या आवाजाचा काडीचा उपयोग नाही. घरात हातांनी बोलायचं. आमची नावंसुद्धा आईनं हातांचीच ठेवलीत. चार बोटं अंगठ्यावर टकटक आपटली की ती मी, बडबडी. आणि मनगट नाकाखालून ओढलं की तो माझा धाकटा भाऊ, कारण लहानपणी त्याचं नाक बारा महिने वाहायचं. आता तो चाळिशीला आलाय, हाताखाली तीस माणसं आहेत, मी त्याला साहेब म्हणते. चारचौघांत आईनं नाकाखालून मनगट ओढलं की साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होतो. एकदा धीर करून त्यानं तिला सांगितलंच, की आई, आता तरी हे नाव बदल. आईनं गंभीरपणे मान डोलावली, मनगट नाकाखालून ओढलं आणि हातांनी म्हणाली, "बरं, बदलते."

आमचे बाबा वायरमन होते. त्यांनी दाराच्या बेलला चार लाल दिवे जोडून ठेवले होते: एक शिलाई मशीनपाशी, एक स्वयंपाकघरात, एक पलंगाजवळ, एक न्हाणीत. बटण दाबलं की चारही दिवे उघडमीट करायचे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, दिवे अजून ठणठणीत आहेत. पण वीज असेल तर ना! हल्ली आईच्या भागात लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही.

दोन महिन्यांपूर्वी साहेब दुपारी आईकडे गेला आणि नेमकी लाइट गेलेली. बेल मुकी. आईचा फोन कापडाच्या ढिगाखाली मरून पडलेला. तासभर यानं दार बडवलं. शेवटी तोंडचं पाणी पळालं आणि त्यानं खांदा मारून कुलूप तोडलं. आत आई दाराकडे पाठ करून निवांत कापड कापत होती. मागून अचानक माणूस अंगावर आल्यावर काय होणार? तिच्या हातातली कात्री पडली, ती स्वतःच्याच पायावर. जखम छोटी होती, पण साहेब संध्याकाळपर्यंत तिच्या पायापाशीच बसून होता.

"बास झालं, ताई," तो मला म्हणाला. "महिनाअखेर आई माझ्याकडे."

त्याचं घर अकराव्या मजल्यावर. माणसं प्रेमळ, पण मशीन ठेवायला जागा नाही. आणि मशीन नाही तर आई दिवसभर करणार काय, खिडकीतून ढग मोजणार? आई रडली नाही, भांडली नाही. तिनं तीन दिवस साहेबाकडे बघितलंच नाही. आमच्या घरात न बघणं म्हणजे अबोला, आणि तो फार लागतो. समोर उभं राहून हातवारे करणाऱ्या माणसाला ती भिंत असल्यासारखं टाळत होती. मला दोघांचीही दया येत होती. म्हणून मी मधे तोंड घातलं.

"हे बघ, एखाद्या दिवशी लाइट गेली की तिला न सांगता ये. पाच मिनिटांत आईनं दार उघडलं तर ती इथेच राहील. नाही उघडलं तर मी स्वतः तिचं बोचकं बांधीन."

बोलून तर बसले. मग दोन दिवसांची रजा टाकून आईकडे ठाण मांडलं.

खोलीखोलीत खिळ्याला टॉर्च अडकवले. पाण्याच्या बादल्या भरून झाकल्या. औषधं एका डब्यात, कागदपत्रं एका पिशवीत, फोनला जादा बॅटरी. हे सगळं सोपं होतं. अडलं ते दारापाशीच. बॅटरीवर चमकणारी बेल आणली. दुपारच्या उजेडात ती चमकते की नाही हे मलाच कळेना. मग कमरेला लावायची, थरथरणारी डबी आणली. ती लावून आई मशीनवर बसली, मी बाहेरून बटण दाबत राहिले, ही आपली शिवतेय. पायानं मशीन चालवताना आधीच सगळं अंग थरथरत असतं, त्यात डबीची थरथर कुठली वेगळी कळायला! मी हात टेकले.

"शेजारी एक किल्ली देऊन ठेवू," मी म्हटलं.

"शेजारी कोण?" साहेब फोनवरून फणकारला. "मास्तर? त्यांना खुर्चीतून उठायला दोघं लागतात. सून दिवसभर कामावर."

मास्तर म्हणजे जिन्यावरच्या समोरच्या दारातले. फुप्फुसं थकलीत, नाकाला दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनची नळी. आईनं तर किल्ली म्हटल्याबरोबर हात आडवा केला. "मागून कुणी आलं तर मला कळत नाही. म्हणून तर तुम्हालाही किल्ली दिली नाही. माझ्याच घरात मी सारखं मागे वळून बघत बसू?"

किल्लीचा विषय मी तिथेच सोडला. तेवढ्यात तिची नजर पडद्याच्या कड्यांवर गेली आणि ती उठलीच.

संध्याकाळपर्यंत घरभर दोरी फिरली. दाराबाहेर बेलशेजारी एक फास, तिथून दोरी दारावरच्या झरोक्यातून आत, मग भिंतीला ठोकलेल्या कड्यांमधून खोल्याखोल्यांत. जागोजागी तिला लाल कापडाची चिंधी लोंबत होती. मशीनपाशी दोरीच्या टोकाला एक आकडा, तो आईनं कमरेच्या पट्ट्याला अडकवला.

"अगं, गाय आहेस का तू, स्वतःला बांधून घ्यायला?" मी ओरडले, म्हणजे हातांनी.

"ओढून बघ," ती म्हणाली.

अकरा वेळा ओढली. अकराही वेळा मिनिटाच्या आत दार उघडलं. एकदा ती न्हाणीत असताना मुद्दाम ओढली, तर तोंडाला साबण तशी बाहेर आली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. मी इतकी खूश झाले की उरलेलं दोरीचं अर्धं बंडल परत घेऊन जायचंही विसरले. पुढच्या रविवारी गेले तर लाल चिंध्यांच्या बाजूला निळ्या चिंध्या दिसल्या. या कशाला, विचारलं. "तुला काय करायचंय?" म्हणाली. कापड उरलं असेल, मी म्हटलं आणि विसरले.

गुरुवारी दुपारी तीनला साहेबाचा फोन. "ताई, आईकडे लाइट गेल्याचा मेसेज आलाय. मी निघालोय. तूही ये, नंतर म्हणशील फसवलं."

दोघं एकदमच दाराशी पोचलो. साहेबानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मी फास धरून सणसणीत ओढला. आत भिंतीवर कड्या खळखळल्या, पार मागच्या खोलीपर्यंत. मी ऐटीत त्याच्याकडे बघितलं.

दार उघडलं नाही.

परत ओढली. एक मिनिट, दोन मिनिटं. नुसत्या कड्या वाजत होत्या. चौथ्या मिनिटाला मी दोन्ही हातांनी ओढायला लागले. पाच झाली तेव्हा साहेबानं घड्याळाचा हात खाली घेतला. वाटलं, आता म्हणेल, बघ, सांगितलं नव्हतं? त्यानं दाराला कान लावला. जिंकला होता, आणि चेहरा पांढराफटक पडला होता. न्हाणीत पडली असेल, त्याच्या मनात तेच आलं असणार जे माझ्या आलं. सात झाली, आठ झाली. मी दोरीला लोंबकळत होते, आणि मग, काय सांगू, माझ्या सगळ्या आवाजानिशी मी "आईऽऽ" म्हणून किंचाळले. बहिऱ्या आईला! साहेब खांदा मारायला दोन पावलं मागे सरला.

आणि समोरचं दार उघडलं.

आई मास्तरांच्या दारात उभी होती. केस विस्कटलेले, हातात लोखंडी पाना. तिच्या मागे खुर्चीत मास्तर, नाकाला नळी, बाजूला उभा सिलिंडर. खुर्चीच्या हातापाशी एक फास लोंबत होता आणि त्याला निळी चिंधी.

"लाइट गेली की माझं मशीन बंद पडतं," मास्तर दम घेत घेत म्हणाले. "सिलिंडर आहे, पण तो उघडायला... बोटं वळत नाहीत. ओरडायला दम नाही. दार लोटलेलंच असतं, दोरी ओढली की बाई येतात. आज एक सिलिंडर संपला, म्हणून परत ओढली." मग हसले. "आज पाचवी वेळ."

मला हुंदकाच आला. आम्ही दोघं इतके दिवस एकाच गोष्टीचा घोर लावून घेऊन बसलो होतो, की आईच्या मदतीला कोण धावणार. आई कुणाच्या मदतीला धावत असेल हे आमच्या टाळक्यात आलंच नव्हतं.

आईनं आम्हाला बघितलं, आमच्या हातातला फास बघितला आणि तिच्या लक्षात आलं. पाना काखेत धरून तिनं साहेबाला विचारलं, "किती मिनिटं?" तिचं घर, तिचं मशीन, सगळं त्या उत्तरात होतं.

घड्याळात नऊ मिनिटं झाली होती. मी बघितलं होतं.

साहेबानं चार बोटं वर केली.

मी जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं, हातही बंद ठेवले. पण आई आयुष्यभर माणसांचे चेहरेच वाचत आलीय. तिनं त्याच्याकडे टक लावून बघितलं, मनगट नाकाखालून ओढलं आणि पुढे म्हणाली, "लबाड." मग त्याच्या गालावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

"पण मी तिकडे असले तर तुम्हाला कळणार कसं?" हात काढून तिनं विचारलं. "आपल्या फासाची एक दोरी मास्तरांच्या घरातही न्यायला हवी. मला वर हात पुरत नाही."

साहेबानं बूट काढले, बाह्या दुमडल्या. "ताई, बाबांचं हातानं फिरवायचं ड्रिल कुठंय?"

तो स्टुलावर चढला, आईनं स्टूल धरलं, मी खाली उभी राहून बडबड करत कड्या पुरवत होते. लाकडात भोक पाडता पाडता साहेब मधेच थांबला. पाठ आमच्याकडे होती, पण खांदे हलत होते. मग त्यानं मनगट उचललं आणि नाकाखालून ओढलं.

आईनं त्याची पँट ओढून त्याला खाली बघायला लावलं.

"स्वतःलाच हाक मारतोयस?"

डोळे लाल, नाक वाहतंय, चाळिशीचा माणूस. त्यानं परत एकदा, नीट दिसेल असं, मनगट नाकाखालून ओढलं.

"हो," तो हातांनी म्हणाला. "मीच."