तांदळातलं नाव

माझ्या सुनेला चिनी नाव घ्यायचं होतं. सौदीतल्या यान्बूत ती ज्या कंपनीत इंजिनियर आहे तिथले साहेब चिनी, त्यांच्या जिभेला 'सुरुची' वळेना. ऑफिसातल्या लिनबाईंनी तिला कागदावर चार नावं लिहून दिली, पुढे अर्थ. यातलं एक निवड म्हणाल्या, गळ्यातल्या ओळखपत्रावर तेच छापायचं.

मी म्हटलं, "वाच बघू. या घरात नाव ठेवायचा मान माझा."

होताच. लग्नात माझ्या गिरीशने ताटातल्या तांदळावर अंगठीने 'सुरुची' लिहिलं ते मी निवडलेलं. माहेरची ती कौमुदी. मला ते नाव फार मिरवणारं वाटलं. पासपोर्टवर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, त्या इकाम्यावर, सगळीकडे सुरुची झाली. आठ वर्षांत अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, रुजलं.

तिने वाचलं. चंद्र, शांतता, डोंगरातलं फूल, भरलेलं घर.

"भरलेलं घर," मी म्हटलं. "त्यात विचार कसला करायचा?"

"बरं, आई."

महिन्याभराने लिनबाई दुपारच्या जेवणाला आल्या. शराफियाच्या बाजारातून आणवलेल्या नारळाच्या करंज्या केल्या होत्या मी. बाईंचं आपलं सुनेला सारखं "युए, युए." मी गिरीशला म्हटलं, "भरलेल्या घराला युए म्हणतात होय रे?"

गिरीश भोळा. त्याने बाईंना विचारलं आणि उत्तर जसंच्या तसं मराठीत ओतलं. "नाही गं आई. युए म्हणजे चंद्र. त्या म्हणतायत, हिनेच सांगितलं होतं, माझ्या खऱ्या नावाचा अर्थ चांदणं आहे, तसंच काहीतरी द्या. बाकीची तीन उगाच, कागद भरायला."

करंज्यांचं ताट माझ्या हातातच राहिलं.

"खरं नाव?" मी सुनेकडे वळले. "मग मला वाचून कशाला दाखवलंस? तमाशा?"

"तुम्हीच वाच म्हणालात."

"आणि मी निवडलेलं?"

"आई, तांदळात लिहायच्या आधी मला कुणी चार नावं वाचून दाखवली होती?"

पाहुणीसमोर! बरं, तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी जिंकले असते.

लिनबाईंना काही कळलं नाही. हसत हसत माझ्याकडे बघून त्यांनी काहीतरी विचारलं. गिरीशने तेही ओतलं, "आई, तुझ्या नावाचा अर्थ विचारतायत."

मधुमती. सेहेचाळीस वर्षांपूर्वी सासूने दिलेलं. अर्थ कुणी सांगितला नाही, मी विचारला नाही. तिसरीपर्यंत पाटीवर मी 'द्वारका' लिहीत होते. मधुमती अशी सही नवऱ्याने शिकवली, रेशनकार्डापुरती.

"माहीत नाही म्हणावं."

सून माझ्याकडे बघत होती. "आई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?"

आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलंन्, तेही मला हरवून झाल्यावर.

"करंज्या घ्या," मी म्हटलं. "मऊ पडतील."

गिरीश आता तिला कौमुदी म्हणतो. मी सुरुची म्हटलं तरी ओ देते, लगेच देते, कामावरच्या साहेबाला द्यावी तशी. म्हणून मी नुसतं 'अगं' म्हणते. ती मला आई म्हणते. मला नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही, ना त्या नावाने ना ह्या.