बघून टाकलंस का?

मी आतल्या खोलीचा दरवाजा बोलतोय. सध्या कचराकुंडीशेजारी पडलोय. गाडी यायच्या आत सांगून टाकतो.

"लाकूड जरा ओलं आहे, पण चालेल," म्हणत सुतारानं मला चौकटीत बसवलं आणि मी चाललोही. घरात तिघं होती. बाबा ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी करायचे, आई इस्पितळात परिचारिका आणि त्यांची लेक छोटी. दोघांच्या कामाच्या वेळा जुळायच्या नाहीत, म्हणून आई हाताला लागेल त्या कागदावर निरोप लिहून ठेवायची. पाकिटाच्या मागे, औषधाच्या खोक्यावर, वर्तमानपत्राच्या कडेला. 'दूध तापवलंय. छोटीला खोकला आहे, खिडकी लावा.' प्रेमाचं असं त्यात काही नसायचं, तरी बाबा ते दोनदा वाचायचे.

आई वारली. छोटी लग्न होऊन गेली. मग बाबांना कागद टाकवेना. एखाद्यावर तिचं अक्षर असलं तर? बघून टाकू, म्हणत ते सगळं आत ठेवायचे. बघायला बसले की दहा कागदांतच घाम फुटायचा. पुढे रिकामे डबे आले, मोडक्या छत्र्या आल्या, शेजाऱ्यांची रद्दी आली. त्यांवर आईचं अक्षर कुठून असणार? पण आता हात थांबत नव्हता. लोक म्हणायचे, म्हातारा आळशी आहे. आळशी माणूस एवढं वाहून आणत नाही हो. तो आजार होता, आणि त्यावर मदत मिळते हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मी आधी भिंतीपर्यंत उघडायचो. मग अर्धा. मग बाबांना अंग चोरून आत शिरावं लागायचं.

बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस इस्पितळात होते, तेव्हा छोटीनं माणसं आणि ट्रक लावून खोली रिकामी केली. पलंगावर नवी चादर घातली. खोटं कशाला बोलू, माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. बाबांनी आल्यावर मला ढकललं आणि मी थेट भिंतीला टेकलो. ते उभेच राहिले.

"बघून टाकलंस का?"

"काय बघायचं बाबा? सगळी रद्दी तर होती."

त्या दिवसापासून त्यांनी लेकीशी अबोला धरला. तिचा फोन उचलायचे, ऐकायचे, ठेवून द्यायचे. दीड वर्षात खोली पुन्हा भरली, पहिल्याहून जास्त.

एके सकाळी आतला ढीग कोसळला आणि बाबा त्याखाली अडकले. अग्निशमन दलाच्या जवानांनी मला ढकलून पाहिलं. आयुष्यात एकदाच माझ्या उघडण्यावर कुणाचा जीव अवलंबून होता, आणि मी जागचा हललो नाही. ते मला अजून खातं. शेवटी करवतीनं मला मधोमध कापून ते आत उतरले.

बाबा वाचले. माझे दोन्ही तुकडे त्यांनी बोळात उभे करून ठेवले. "सांधून घेईन," म्हणाले. बांधणीवाला माणूस, दुसरं काय म्हणणार.

मग दर गुरुवारी एक समुपदेशक ताई येऊ लागल्या, सोबत छोटीही. ताईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "त्यांना विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही." बाबा एकेक कागद उलटसुलट करून बघायचे आणि ठेवायचा की टाकायचा ते स्वतः ठरवायचे. कधी तासात चारच कागद व्हायचे. छोटी घड्याळाकडे बघायची नाही. एकदा ती म्हणाली, "बाबा, माझं चुकलं." बाबांनी ताईंना पाणी हवंय का विचारलं.

आज ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

बाबा माझ्या कापलेल्या कडेवरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मी मनात म्हणत होतो, टाका मला, उगाच वाट अडवून उभा आहे.

"नाही सांधणार हे," ते म्हणाले. "जाऊ दे."

तुमच्या ओळखीत अशी एखादी खोली असेल तर ट्रक घेऊन जाऊ नका. त्या माणसाशेजारी बसा. सगळं कधीच निघत नाही, आणि वेळ फार लागतो. तरी बसा.

माझे तुकडे एकावर एक ठेवून उचलताना एक बाजू बाबांनी धरली, दुसरी छोटीनं. ती उलट्या पावलांनी जिना उतरू लागली.

"छोटे," बाबा म्हणाले, "मागची पायरी तुटलीय. जपून."

ती थांबली. तिनं पायानं मागची पायरी चाचपली.

"हो बाबा," एवढंच ती म्हणाली, आणि आम्ही तिघं खाली उतरलो.