आवाज न करणारा कॉम्प्रेसर

मित्रांनो, मी एक जुना, छोटा कॉम्प्रेसर आहे. हवा पोटात दाबून भरायची आणि नळीतून जोरात सोडायची, एवढंच माझं काम. पण माझी निवड बरोबर झाली की चुकली, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

कोइमतूरच्या दुकानात माझ्या शेजारी एक थोरला कॉम्प्रेसर होता. तो सुरू झाला की काचा थरथरत. एके दिवशी पळनियप्पन आणि मरगदम हे नवरा-बायको आले. पळनियप्पन सूतगिरणीतून निवृत्त झालेले. घरामागच्या शेडमध्ये ते जुन्या सायकली हवेच्या फवाऱ्याने रंगवत.

"रंगाला हवा किती लागेल?" दुकानदाराने विचारलं.

"लागेल तेवढी," पळनियप्पन थोरल्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हा द्या. चांगला ओरडतो."

"अय्यो! जन्मभर गिरणीचा खडखडाट ऐकलात, हौस फिटली नाही?" मरगदम म्हणाल्या. "तो बारका घ्या. शेजारीपाजारी झोपतील तरी!"

पळनियप्पनांनी पैसे मोजले आणि मी त्यांच्या घरी आलो.

तिथे माझा गोंधळच उडाला. मरगदम म्हणत, "किती गुणी! घरात आहे की नाही, कळतही नाही." पळनियप्पन मात्र चिडत. सायकलीचा सांगाडा अर्धा रंगवून होतो न होतो तोच माझी हवा संपे. "पोट आहे की वाटी?" असं म्हणत, आणि थोड्या वेळाने येऊन माझ्या पाठीवर तळहात ठेवत. मला वाटे, राग गेला!

एका दुपारी मला आपोआप थांबवणारं बटण अडकलं. हवेचा दाब दाखवणारा काटा लाल खुणेपलीकडे गेला. जादा हवा सोडणारी झडप उघडून कर्कश शिट्टी वाजू लागली. पळनियप्पन अगदी जवळ, पाठमोरे, निवांत रंग मारत होते. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. शेवटी डोशाच्या पिठाने माखलेल्या हातांनी मरगदम धावत आल्या, कोपराने भिंतीवरचं बटण बंद केलं.

"अहो, कानात बोळे घातलेत का? केवढी शिट्टी वाजतेय!"

पळनियप्पन त्यांच्या ओठांकडे पाहत राहिले. "काय वाजतंय?"

मरगदम जागीच थबकल्या. मग जवळ जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "कधीपासून हे?"

"गिरणीत होतो तेव्हापासून कमीच होत गेलं. म्हणून तर ओरडणारा मागत होतो. चालू आहे की बंद, एवढं तरी कळलं असतं. याला हात लावून बघावं लागतं."

"मग दुकानात बोलला का नाहीत?"

"चार लोकांसमोर?"

मरगदम स्टुलावर बसल्या. "आणि मी हाका मारून मारून रुसून बसायचे! वाटायचं, मुद्दाम उत्तर देत नाहीत."

मला नवं बटण बसलं, पळनियप्पनांना कानाचं यंत्र मिळालं. ते लावून पहिल्यांदा शेडमध्ये आले, मला सुरू केलं आणि दचकलेच. "अगं मरगदम, हा तर केवढा बडबडतो!"

मित्रांनो, यंत्र घेताना हवा किती लागेल हे जरूर विचारा. पण ते वापरणाऱ्या माणसाला काय हवंय आणि का, हेही विचारा. आणि काम संपलं की हवेतल्या दमटपणाने यंत्राच्या पोटात साचलेलं पाणी तेवढं सोडून देत जा. मला आतून गंज चढतोय. हल्ली ती दोघं शेडमध्ये इतकी गप्पा मारत बसतात, की ते त्यांच्या लक्षातच राहत नाही.