नमुन्याची मिशी

काकांच्या लोकर रंगवायच्या रंगशाळेत ठिणगीची मजल अजून धुलाईपलीकडे गेली नव्हती. त्या दिवशी मात्र गालिचे रफू करणारी बाई एक जुना लाल गालिचा आणि पांढऱ्या लोकरीची एकुलती एक लड घेऊन आली, आणि काका पुतणीला म्हणाले, "हा लाल तू जुळव. जुळला तर उद्यापासून भट्टी तुझी. चुकला तर धुलाई आहेच, जन्मभर."

लाल रंग देणारी मंजिष्ठेची मुळं ठिणगीनं केव्हाच कुटून ठेवली होती. म्हणजे गेल्या वर्षी.

"नमुन्याला थोडी लोकर तोडते हं."

"एक धागा तोडलास तर मी तुझं बोट तोडीन," रफूवाली शांतपणे म्हणाली. "असली लोकर आता मिळत नाही. आहे तेवढी सगळी लागणार. संध्याकाळी येते."

कापसावर करून बघावं, तर कापूस पडला झाडाचा, रंग भलताच धरतो. अंगावर उगवलेलं काहीतरी हवं होतं. ठिणगीची नजर फिरत फिरत काकांच्या नाकाखाली येऊन थांबली. पांढरीशुभ्र, भरघोस मिशी.

"काका, केस आणि लोकर सख्खी भावंडं ना?"

"सख्खी! दोघांवर खवले, रंग धरायला दोघांना आधी तुरटीचं पाणी..." काका थबकले. "नाही."

"चिमूटभर कापते."

"कात्री लावायची नाही. रंगवायची तर जागेवर रंगव!"

मग काका डावी मिशी कोमट तुरटीत सोडून बसले. नंतर मंजिष्ठेत. मिशी वाळली तसे ते गालिच्यावर पालथे पडले आणि ठिणगीनं मिशी नक्षीला टेकवली.

"काय दिसतंय?" काकांनी गालिच्याला विचारलं.

"गाजर."

ठिणगीनं कपाळाला हात लावला. मग एकदम ओरडली, "पाणी! पावसाचं पाणी घेतलं मी, त्यात चुना नसतो. लाल यायला खडूची पूड हवी!" उजवी मिशी अजून कोरी होती. देव एका माणसाला दोन बाजू देतो ते उगीच नाही.

दुसऱ्या खेपेला काका पुन्हा पालथे. ठिणगी वाकली, आणखी वाकली, मग टुणकन उडाली. "काका, सापडत नाहीये! मिशी कुठे संपते आणि गालिचा कुठे सुरू होतो, कळतच नाहीये!" उड्या मारताना धुलाईची बादली लवंडली. तिच्याकडे बघायला वेळ कुणाला होता! तुरटीतून काढलेली लड तिनं तोवर रंगात सोडली होती.

संध्याकाळी रफूवालीनं वाळलेली लड गालिच्यावर ठेवली. बराच वेळ बघितलं. "तोच," ती म्हणाली. मग काकांकडे वळली. "यांना काय झालं?"

"नमुना आहे," ठिणगी म्हणाली.

रफूवाली गेल्यावर काका भट्टीपाशी येऊन घुटमळले. "भट्टीवाल्या बाई, थोडा रंग उरलाय. ही गाजराची बाजू तेवढी..."

भट्टीवाल्या बाईंनी झारा उचलला आणि कोपऱ्यातल्या धुलाईच्या दगडाकडे दाखवला.

"आधी धुऊन आणा."