माझी मुदत वाढवली तेव्हा

थांबा हं, बोलतोय. मला सुरू व्हायलाच वेळ लागतो. मी एक जुना, स्वस्तातला मोबाइल. बजाजनगरातल्या एका छोट्या कंपनीत अ‍ॅप तपासायला दहा फोन मांडलेत, त्यातला शेवटचा.

इथं माणसाऐवजी कॉम्प्युटरच आमची बटणं दाबतो आणि पुढचा पडदा यायची वाट बघतो. वीस सेकंदांत आला तर पास. नाही आला तर टाइमआउट, म्हणजे मुदत संपली, नापास. बाकीचे नऊ चुटकीसरशी सुटायचे. मी तापायचो, अडायचो. रोज यादीत एकच लाल रेघ, ती माझी. लई लाज वाटायची.

तो दुष्काळाचा उन्हाळा. इकडं शहरात मजल्यावर मजले चढत होते, तिकडं गंगापूरकडच्या विहिरी कोरड्या. वाड्यावस्त्यांनी टँकर मागवायचं अ‍ॅप आमच्याकडं बनत होतं. साहेब म्हणाले, हे डबडं काढून टाका. तपासणी करणारी दिपाली तिकडच्याच मेंढपाळ घरातली. ती अडून बसली. आमच्या वस्तीवर असलेच फोन आहेत, म्हणाली. तेवढ्यानं मला बरं वाटलं.

पण अ‍ॅप द्यायची तारीख उरावर आली. शेवटी तिनंच माझी मुदत वीसची नव्वद सेकंद केली. मी एक्काहत्तराव्या सेकंदाला पास झालो. यादी हिरवीगार. साहेबांनी पेढे वाटले.

आठ दिवसांनी तिच्या आईचा, बानाबाईचा फोन आला. टँकर त्यांच्याकडं आलाच नव्हता. तिनं बटण दाबलं, काही दिसेना, म्हणून पुन्हा दाबलं, मग पुन्हा. तीन मागण्या गेल्या आणि अ‍ॅपनं त्या खोट्या समजून यादीतून वस्तीचं नावच काढलं. सात मेंढरं गेली. जरा थांबायचं ना, दिपाली म्हणाली.

"दिपे, मेंढरं वरडत व्हती. किती थांबायचं ते कुणी सांगितलं व्हतं का?"

माझी लाल रेघ खरं बोलत होती, आणि ती पुसली गेली तेव्हा मी खूश झालो होतो. याचं मला अजून वाईट वाटतं.

दिपालीनं मुदत परत वीसवर आणली. बटण दाबताच 'मागणी पोचली' असं दिसेल, असं अ‍ॅप बदलायला लावलं. तीनदा दाबलं तरी मागणी एकच धरली जाते का, हे बघायला कॉम्प्युटरला तेच बटण तीनदा दाबायला शिकवलं. पण बानाबाई आता ते अ‍ॅप उघडत नाही. ती दिपालीच्या वडिलांना, आप्पांना, जीपनं गंगापूरला धाडते, टँकरचं तोंडी विचारायला.

माझी बॅटरी फुगलीय, उद्या मी भंगारात. नवे आणलेत, सगळे चपळ. माझी तक्रार नाही. फक्त माझ्या जागी एक तरी संथ फोन ठेवा, आणि तो नापास झाला तर त्याचं ऐका.