बिनचिठ्ठीचा कपडा

टण् असा आवाज झाला आणि जेवणातली शांतता मोडली. नवऱ्याने चमचा ताटाच्या कडेवर ठेवला होता, एवढंच. पण जेवताना तो चमचा खाली ठेवतो तेव्हा पुढे काहीतरी येतं, हे त्या घरात पाच वर्षांच्या लेकीला, मुंगीलासुद्धा ठाऊक होतं. तिने घास गालात तसाच धरून ठेवला.

"अगं, हे बघ," तो शेजारच्या लॅपटॉपकडे बघत म्हणाला. जेवता जेवता मॅचचा स्कोअर बघायची त्याला सवय होती. "'आई आणि मूल. स्वतंत्र खोली, सुरक्षित इमारत, पुरुषांना प्रवेश नाही.' मला दाखवतंय ही जाहिरात. मी काय आई आहे?"

ती हसली. हसू वेळेवर आलं याचंच तिला नवल वाटलं.

"काहीही दाखवतात हल्ली, अहो."

"काहीही नाही दाखवत. ऑफिसात एकदा बूट बघितले, तर महिनाभर बूटच बूट माझ्यामागे. आपण बघतो तेच दाखवतात." त्याने चमचा उचलला. "शनिवारी निवांत बसतो याच्यासमोर. घरात कोण काय बघतंय ते कळेल."

मुंगीने घास गिळला.

तो बुधवार होता. तिला रविवारपर्यंत निभावून न्यायचं होतं. रविवारी सकाळी तो दोन तास पोहायला जायचा. तेवढ्या वेळात ती आणि मुंगी बसमध्ये बसलेल्या असणार होत्या. दुसऱ्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात धुलाईच्या खोलीवर देखरेखीचं काम तिला मिळालं होतं. राहायला खोली होती, आणि लेकरू सोबत चालेल असं त्यांनी कळवलं होतं. त्या एका वाक्यावर ती तीन आठवडे जगत होती. तिच्या डाव्या हाताची करंगळी गेल्या वर्षीपासून सरळ होत नव्हती. दवाखान्यात तिने दाराचं नाव सांगितलं होतं.

तिचा फोन तो रोज संध्याकाळी तपासायचा, मुंगीची शाळेची वही तपासावी तसा. म्हणून अर्ज तिने लॅपटॉपवर भरला होता, तो घरी नसताना. खोल्याही तिथेच पाहून ठेवल्या होत्या, वसतिगृहाचं नाहीच जमलं तर म्हणून. प्रत्येक साइट उघडली की वर एक पाटी यायची: आम्ही कुकीज वापरतो. तिच्याखाली अर्ज झाकला जायचा. दाराशी आलेल्या माणसाला कटवायला आपण पटकन हो म्हणतो, तशी ती प्रत्येक वेळी 'सगळं मान्य' दाबत गेली. शेवटी हिस्टरी तेवढी आठवणीने पुसली. पुसली म्हणजे झालं, असं तिला वाटलं होतं.

गुरुवारी, ती कामाला जायची त्या लाँड्रीत शिरल्या शिरल्या तिने काउंटरवालीला गाठलं. काउंटरवाली वयाने लहान, तोंडाने तिखट. लाँड्रीची ऑनलाइन बुकिंगं तीच सांभाळायची. रविवारचा बेत जगात तिला एकटीलाच माहीत होता.

"हिस्टरी पुसलीस म्हणजे काय केलंस, आपल्या वहीतली नोंद पुसलीस," काउंटरवाली आवाज खाली आणून म्हणाली. "तुझ्या कपड्याला त्यांनी चिठ्ठी टाचलीय ती तशीच आहे की."

"माझ्या कपड्याला?"

"ब्राउझरला गं, टाचणीबाई!" लाँड्रीत तिला टाचणीबाईच म्हणत. येणाऱ्या प्रत्येक कपड्याला नंबराची कापडी चिठ्ठी टाचणं हे तिचं काम. "कुकी म्हणजे तुझीच चिठ्ठी. साइट एक बारीकशी टाचून ठेवते. पुन्हा गेलीस की नंबर बघते आणि ओळखते, ही कालचीच बाई. आणि काही चिठ्ठ्या त्या साइटच्या नसतातच, जाहिरातवाल्यांच्या असतात. मग तू स्कोअर बघ नाहीतर हवामान बघ, ते तिथेही नंबर वाचतात."

"न विचारता?"

"विचारलं ना! तूच म्हणालीस, सगळं मान्य. लग्नात म्हणालीस तसंच."

दोघी खुदकन हसल्या आणि मग दोघींचंही हसू एकदम आटलं.

काउंटरवालीने एका कोऱ्या चिठ्ठीच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहून दिलं: सेटिंग्ज, प्रायव्हसी, कुकीज, साइटचं नाव शोध, काढ. "यापुढे पाटी आली की 'फक्त आवश्यक' दाबायचं. आणि लपवून काही बघायचंच तर खासगी विंडो उघड, ती बंद केली की तिच्यातल्या चिठ्ठ्या जातात. खरं सांगू? इथे येऊन बघ. घरी नकोच. आणि ऐक, त्या दोन-तीन साइटचंच काढ. बाकी काही चाळवू नकोस."

"हो गं बाई."

ती चिठ्ठी तिने ब्लाउजमध्ये खोचली आणि दिवसभर टाचत राहिली. जुन्या चिठ्ठ्या काढणं हाही त्या कामाचाच भाग. एकदा एका कोटाच्या आतल्या शिवणीत जुनी चिठ्ठी राहून गेली होती आणि कोट भलत्याच घरी पोचला होता. तेव्हापासून मालकांचा नियम होता, काढायच्या तर सगळ्या, एकही ठेवायची नाही. बोटांना तो नियम इतका मुरला होता की मुंगीच्या नव्या फ्रॉकचं लेबलसुद्धा ती घरी आल्या आल्या कापायची.

साडेचारला ती लेकीला घेऊन घरी आली. तो सहाला यायचा. दूध गरम करून तिने पेला मुंगीच्या हातात दिला आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरच लॅपटॉप उघडला. सेटिंग्ज सापडलं. कुकीज सापडल्या. आणि समोर नावांची ही एवढी रांग उलगडली, तीनशेच्या वर. बहुतेक नावं जन्मात न ऐकलेली. तिने वसतिगृहाचं नाव शोधलं, काढलं. खोल्यांच्या दोन्ही साइट काढल्या. मग स्कोअरचं पान उघडून पाहिलं.

आई आणि मूल. स्वतंत्र खोली. पुरुषांना प्रवेश नाही.

जाहिरातवाल्याचं नाव काय, हे तिला कुठे माहीत होतं? त्या तीनशे परक्या नावांतलं कोणतंही असेल. कुठल्यातरी शिवणीत चिठ्ठी राहिली होती.

"आई, काय करतेस?" दुधाच्या मिशा घेऊन मुंगी मांडीवर चढली.

"याला ना, थोडं विसरायला सांगतेय, राणी."

"याला सगळं आठवतं?"

"फारच आठवतं."

"मग सांग ना, विसर म्हणून."

खाली एकच बटण होतं: सगळं काढा. तिने मुंगीचं चिमुकलं बोट आपल्या हातात धरलं आणि दोघींनी मिळून ते दाबलं. रांग नाहीशी झाली. स्कोअरच्या पानावर आता कुठल्याशा पंख्याची जाहिरात आली, निळा, तीन पात्यांचा. तिने मुंगीच्या मानेत तोंड खुपसून तिला इतकं घट्ट धरलं की मुंगी ओरडली, "आई, गुदगुल्या!" कितीतरी दिवसांनी त्या स्वयंपाकघरात कुणी मोठ्याने हसत होतं.

सहाला वीस मिनिटं असताना तिने शेवटची खात्री करायला पुन्हा झाकण उघडलं. नवऱ्याची मेल कायम उघडीच असायची. आता त्या जागी एक पांढरं पान होतं. वर रिकामी चौकट. नाव टाका. पासवर्ड टाका. तिने त्याची बँक उघडून पाहिली, तिथेही तेच. ऑफिसचं पान, तेच. स्कोअरच्या साइटवर तर ती पाटी परत येऊन बसली होती: आम्ही कुकीज वापरतो.

तिला कळायला वेळ लागला नाही. तिचंच तर काम होतं ते. चिठ्ठी काढली की कपडा कुणाचा ते कळत नाही, तो मागच्या खोलीत बेवारस दांडीवर जातो. जाहिरातवाल्यांच्या चिठ्ठ्यांबरोबर तिने त्याच्याही काढल्या होत्या. त्याला आत ठेवणारी, हा तोच माणूस म्हणून ओळखणारी प्रत्येक चिठ्ठी. तिने मागे जायचं बटण शोधलं. मागे जायला काही नव्हतंच.

अपडेट, तिने मनाशी म्हटलं. आपोआप अपडेट झालं. ते वाक्य तिने चार-पाचदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मुंगीला रंगांची पेटी दिली, खोलीत बसवलं. ओटा पुसला. पुन्हा पुसला.

कुलपात किल्ली फिरली. त्याने बूट काढले, हात धुतले, तो पाणी प्याला. आणि लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसला.

कळा दाबल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"अगं."

"हं?"

"हे मला विचारतंय, तू कोण म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळीकडून बाहेर काढलंय मला. मेल, बँक, सगळं." तो खुर्चीतून वळला नव्हता. "कोणी हात लावला याला?"

"मघाशी आपोआपच काहीतरी चालू होतं," ती भांडं विसळत म्हणाली. तिने नळ मोठा सोडला. "अपडेट की काय म्हणतात ना, ते. मी म्हटलं, आपण कशाला बंद करा."

"अपडेट." त्याने तो शब्द तोंडात घोळवला. "बुधवारी मी म्हणतो शनिवारी बघतो, आणि गुरुवारी अपडेट."

तिने विसळलेलंच भांडं पुन्हा विसळलं. नळ वाहत राहिला.

मग त्याने खांदे उडवले. "असेलही. ऑफिसातपण मागे झालं होतं असंच. पार वैताग. आता पासवर्ड कुठे लिहिलेत ते शोधा." तो उठून कपाटाशी गेला आणि जुन्या वह्या चाळू लागला. तिने नळ बंद केला. श्वास सोडला, अर्धा, आवाज होऊ न देता. शुक्रवार. शनिवार. रविवारची सकाळ.

खोलीच्या दारात मुंगी येऊन उभी राहिली. हाताला निळा रंग लागला होता, कागदावर तीन पात्यांचा पंखा काढला होता. तिने बाबांच्या हातातल्या वह्यांकडे पाहिलं, लॅपटॉपवरच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं, आणि मदत करावी या चांगल्या हेतूने, अगदी स्पष्ट आवाजात विचारलं,

"आई, आपण त्याला काय विसरायला सांगितलं होतं गं?"

कपाटाशी वही मिटल्याचा आवाज आला.